दुसऱ्याचं प्रारब्ध सांगण्याचा अधिकार कोणाला?

नागपुरात राहून कर्मसिद्धान्तावर लिहायचं तर दोन जागा टाळता येत नाहीत. एक दीक्षाभूमी. दुसरी मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. पहिल्या जागी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो माणसांनी सर्व माणसं समान आहेत अशी प्रतिज्ञा घेतली आणि आपला जन्म ही कुठल्या तरी जुन्या पापाची शिक्षा आहे हा समज मागे टाकला. दुसऱ्या जागी अवघ्या विदर्भातून आणि शेजारच्या छिंदवाडा-बालाघाटातून आलेली माणसं आजही व्हरांड्यात चादर अंथरून बसलेली असतात. एखादी बाई कण्हणाऱ्या लेकराला मांडीवर घेऊन बसलेली असते आणि सोबत आलेलं कोणी तिला समजावत असतं, "मागल्या जन्मीचे भोग हायेत माय, भोगूनच संपवा लागते."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. घरातली म्हातारी माणसं ते स्वतःबद्दल म्हणायची तेव्हा त्यात एक निवांतपणा असायचा. आयुष्यभर जे सोसलं त्याच्याशी त्यांनी केलेला तो समझोता होता, आणि तो करण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. तेच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून दुसऱ्याच्या लेकराबद्दल येतं तेव्हा मात्र तो निकाल होतो. त्या बाईनं किंवा तिच्या पोरानं कधी तरी, कुठं तरी काही केलं होतं आणि आता ते फेडत आहेत, असा तो निकाल. साक्षीदार नाही, आरोप काय ते ठाऊक नाही, शिक्षा मात्र डोळ्यांसमोर चालू आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. कर्माचा विचार माणसानं स्वतःच्या वागण्याला लावावा. दुसऱ्याच्या दुःखाचं कारण म्हणून तो वापरण्याचा अधिकार कोणालाच नाही. दवाखान्यात, शाळेत, ग्रामसभेत, महापालिकेत, व्यासपीठावर तर अजिबातच नाही. हे मी परंपरेला परकी होऊन म्हणत नाही. उपनिषदं, गीता, चरकसंहिता, संतांचे अभंग यांच्यात वाढलेल्या घरातली मी आहे, आणि माझा मुद्दा बराचसा तिथूनच आला आहे. काही ठिकाणी त्याच परंपरेला स्पष्ट नकार द्यावा लागतो. तोही पुढे देणार आहे.

बोलणं हवेत राहू नये म्हणून सिकलसेलपासून सुरुवात करते. विदर्भात हा आजार घरोघरी माहीत आहे, विशेषतः आदिवासी, बौद्ध आणि काही इतर मागास समाजांमध्ये. हिमोग्लोबिनच्या जनुकात एक छोटासा बदल असतो. आई आणि बाप दोघांकडूनही तो बदल आला तर तांबड्या पेशी विळ्याच्या आकारात वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडांत, पाठीत, छातीत अशा कळा उठतात की मोठी माणसंही ओरडतात. एकाकडूनच आला तर माणूस वाहक होतो, त्याला सहसा काही त्रास होत नाही. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोन्हींतून मोकळं असण्याची २५ टक्के.

हा बदल आपल्याच भागात इतका का पसरला, याचंही उत्तर आहे. वाहक मुलाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. डासांच्या रानपट्ट्यात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या समाजात ज्यांच्यात तो बदल होता ती पोरं जगली, मोठी झाली, त्यांना पोरं झाली. म्हणजे ज्या गोष्टीनं पणजोबाला लहानपणी मरणातून वाचवलं, तीच दोन्ही बाजूंनी एकत्र आल्यावर पणतवाला छळते. मागच्या पिढ्यांकडून आलेलं काही या आजारात आहे, हे खरं. पण ते पाप नाही, जगण्याची धडपड आहे. मला हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा वाटलं, हे प्रत्येक सिकलसेलग्रस्त पोराला त्याच्या बोलीत कोणी तरी सांगायला हवं. तू कोणाच्या अपराधाचा हप्ता भरत नाहीयेस, असं.

"भोग आहेत" म्हटल्यानं काय होतं? लग्नाआधी रक्त तपासायचं राहतं, कारण नशिबात असेल ते होणारच. तपासलंच तर कार्ड ट्रंकेच्या तळाशी जातं, कारण सासरी कळलं तर पोरगी "खोटाची" ठरते. मूल आजारी निघालं की बोट आईकडे जातं, जरी जनुक बापाकडूनही तितकंच आलेलं असतं. कळा कमी ठेवण्यासाठी रोज घ्यायची हायड्रॉक्सियुरियाची गोळी मधेच सुटते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, २०४७ पर्यंत हा आजार संपवायचं उद्दिष्ट ठरलं. पण मोहिमेची गाडी गावात पोचते तेव्हा तिच्या आधी हे एक वाक्य तिथं पोचलेलं असतं, आणि त्याच्याशी झगडण्यात आशाताईंचा निम्मा जीव जातो.

आता परंपरेकडे. कोणी म्हणेल की आजाराला पाप म्हणणं ही अडाणी माणसांची समजूत आहे, शास्त्रात तसं नाही. तसं म्हणता येत नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात यादीच आहे: ब्रह्महत्या करणाऱ्याला क्षय, सोनं चोरणाऱ्याची नखं विद्रूप, दारू पिणाऱ्याचे दात काळे, कापड चोरणाऱ्याला कोड, दिवा चोरणारा आंधळा. कर्मविपाकावरच्या, म्हणजे कोणत्या कर्माचं कोणतं फळ हे सांगणाऱ्या, पुढच्या ग्रंथांनी ही यादी वाढवत नेली. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखनं १८८२ साली दाखवला, कुष्ठरोगाचा हॅन्सननं त्याआधी १८७३ साली. पण "महारोगी" या शब्दाला चिकटलेलं पाप सूक्ष्मदर्शकानं धुऊन निघालं नाही. हिंदू विवाह कायद्यासकट वेगवेगळ्या व्यक्तिगत कायद्यांतून कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण वगळायला २०१९ साल उजाडावं लागलं.

आणि तरी याच विदर्भानं या समजुतीला सगळ्यात मोठं उत्तर दिलं. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केलं. अमरावतीत शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन उभं केलं. वरोऱ्याला वकिली करणाऱ्या बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापली आणि त्यातून आनंदवन झालं. हे सगळे लोक कर्म मानणारे होते की नव्हते, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. समोरच्या माणसाच्या जखमेकडे पाहताना त्याच्या मागच्या जन्माची चौकशी त्यांनी केली नाही, एवढं मला दिसतं.

इथं गांधीजींची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्या शेजारच्या जिल्ह्याशी जोडलेली आहे आणि सोपी नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर होते. हा दौरा आदल्या नोव्हेंबरात वर्ध्यातूनच सुरू झाला होता. ते म्हणाले, हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरानं दिलेली शिक्षा आहे. हेतू किती चांगला होता! तरी रवींद्रनाथ ठाकूर गप्प बसले नाहीत. भूकंपाची कारणं भौतिकच असतात, असं त्यांनी जाहीरपणे लिहिलं आणि हेही बजावलं की याच तर्कानं गांधीजींचे विरोधक भूकंपाचं खापर गांधीजींच्याच माथी फोडू शकतील. गांधीजींनी ती टीका आपल्या 'हरिजन' साप्ताहिकात छापली, पण मत बदललं नाही. मला या वादात रवींद्रनाथांचं म्हणणं पूर्ण पटतं. मुंगेर-मुझफ्फरपूरच्या ढिगाऱ्याखाली मेलेल्यांत स्पृश्यही होते, अस्पृश्यही होते, पाळण्यातली बाळंही होती. त्यांतल्या एकाचंही मरण दुसऱ्या कोणाला धडा देण्यासाठी नव्हतं.

आणि याच गांधीजींनी काही वर्षांनी सेवाग्रामात, १९३९च्या सुमारास, दारात आलेल्या परचुरेशास्त्रींना ठेवून घेतलं. परचुरेशास्त्री संस्कृतचे गाढे पंडित. कुष्ठरोग झाल्यानं त्यांना कुठंच थारा उरला नव्हता. गांधीजींनी आपल्या कुटीजवळ त्यांना कुटी बांधून दिली, स्वतःच्या हातानं त्यांच्या अंगाला मालीश केलं. पुढे आश्रमातल्या लग्नात पौरोहित्यही त्यांच्याकडूनच करवून घेतलं. सेवाग्रामला गेलं की ती परचुरे कुटी आजही पाहता येते. तिथं उभी राहिले की मला नेहमी वाटतं, दुसऱ्याच्या दुःखाबद्दल बोलताना गांधींसारखा माणूसही चुकू शकतो, आणि दुःखाशेजारी बसताना मात्र चुकत नाही.

बृहदारण्यक उपनिषदात कर्माचा जो एक अतिशय जुना उल्लेख आहे, त्याची मांडणीच मला विलक्षण वाटते. जनकाच्या सभेत आर्तभाग याज्ञवल्क्याला विचारतो: माणूस मेल्यावर त्याची वाणी अग्नीत जाते, प्राण वाऱ्यात, डोळे सूर्यात, शरीर मातीत, मग तो माणूस कुठं असतो? याज्ञवल्क्य म्हणतो, आर्तभागा, हात दे. हे आपण दोघंच जाणून घेऊ, हे चारचौघांत बोलायचं नाही. दोघं बाजूला जातात, विचार करतात. आणि उपनिषद सांगतं की ते जे बोलले ते कर्माबद्दल बोलले: पुण्य कर्मानं माणूस पुण्यवान होतो, पापानं पापी. भर सभेत, इतक्या विद्वानांसमोर एकाही प्रश्नाला न डगमगणारा याज्ञवल्क्य या एका विषयाला मात्र सभेबाहेर घेऊन जातो. मधल्या काळात आपण नेमकं उलट केलं. जे हातात हात घेऊन हळू आवाजात बोलायचं होतं, ते लाउडस्पीकरवर आणलं.

गीता तर कर्माची गती गहन आहे असं स्पष्ट म्हणते. योगसूत्रांवरचं व्यासभाष्यही कर्माची गती विचित्र आणि कळायला कठीण असल्याचं नोंदवतं. ज्यांनी या विषयाला आयुष्य वाहिलं त्यांना जे कळायला कठीण वाटलं, ते नात्यातल्या बाईला दवाखान्याच्या व्हरांड्यात कसं कळतं?

पण सगळ्यात जास्त मदत मला चरकसंहितेची होते. विमानस्थानाचा तिसरा अध्याय जनपदोद्ध्वंसावर, म्हणजे गावंच्या गावं ओस पाडणाऱ्या साथींवर आहे. पांचाल देशातल्या काम्पिल्य नगराजवळ गंगेच्या काठानं आचार्य आत्रेय शिष्यांसोबत चालले आहेत. त्यांतला अग्निवेश विचारतो: माणसांची प्रकृती वेगळी, आहार वेगळा, वय, बळ, सवयी वेगळ्या, मग एकाच रोगानं सगळे एकदम कसे मरतात? आज सार्वजनिक आरोग्याच्या वर्गात विचारावा असा हा प्रश्न आहे. आत्रेय उत्तर देतात: प्रकृती वेगळी असली तरी वारा, पाणी, भूमी आणि काळ सगळ्यांना सामाईक आहेत, ते बिघडले की सगळे बळी पडतात. ते का बिघडतात? अधर्मामुळे. इथपर्यंत वाचून वाटतं की आलीच पुन्हा गाडी पापावर. पण पुढचं वाक्य वाचावं. देश, नगर आणि जनपद यांचे प्रमुख धर्म सोडून प्रजेशी अधर्मानं वागतात, त्यांचे आश्रित आणि व्यापारी तो अधर्म वाढवतात, असं आत्रेय म्हणतात. बोट खाटेवरच्या रोग्याकडे जात नाही. ते ज्यांच्या हातात कारभार आहे त्यांच्याकडे जातं.

त्याच अध्यायात अग्निवेश आणखी विचारतो, आयुष्य ठरलेलंच असतं का? आत्रेय म्हणतात, दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, या दोन्हींच्या बलाबलावर ते अवलंबून आहे. आयुष्य ठरलेलंच असतं तर औषधं, पथ्य, उपचार यांची गरज काय उरली असती? पिसाळलेल्या जनावरांपासून, विषापासून कोणी जपलंच नसतं. वैद्याला ही भूमिका घ्यावीच लागते, कारण सगळं प्रारब्ध म्हटलं की वैद्यकाचा धंदाच खोटा ठरतो. महाभारताच्या अनुशासनपर्वातही भीष्म युधिष्ठिराला सांगतात की शेताशिवाय बी जसं वाया जातं, तसं पुरुषकाराशिवाय दैव सिद्धीला जात नाही. याज्ञवल्क्यस्मृती म्हणते, एका चाकावर रथ चालत नाही. म्हणजे सगळं दैवावर सोडणं हे परंपरेचं एकमेव म्हणणं कधीच नव्हतं. आपण सोयीचं तेवढं उचललं.

सप्टेंबर २०२३ मधली ती रात्र नागपूरकर विसरणार नाहीत. २३ तारखेच्या पहाटेपर्यंत काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट अशा वस्त्यांतून घराघरांत शिरली. माणसं गेली. दुकानं, गाड्या, आयुष्यभराची कागदपत्रं चिखलात गेली. त्यानंतर मी कित्येकांच्या तोंडून ऐकलं, "निसर्गापुढं कोणाचं चालते? आपलं नशीब." गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, वेगवेगळी साधनं, वेगवेगळ्या हालचाली, आणि पाचवं दैव. तो श्लोक पुरासाठी सांगितलेला नाही, हे मलाही समजतं. पण त्याची शिस्त इथं लावून पाहावी. तलावाखालची उतरती जमीन, पात्र अरुंद करणारे निर्णय, विसर्गाच्या वाटेत आलेली बांधकामं, त्यांना परवानगी देणारी सही, वेळेत न झालेली दुरुस्ती. ही पहिल्या चार प्रकारांतली कारणं तपासून झाल्यावर ढगांपाशी, म्हणजे पाचव्यापाशी यायचं. रहिवाशांनी नेमकं हेच केलं. ते उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले आणि पात्र, पूल, विवेकानंद स्मारकाची जागा, धरणाची मजबुती यांवर यंत्रणांना उत्तरं द्यावी लागली. मला ते काम अतिशय धार्मिक वाटलं, जरी याचिकेत धर्माचा शब्द नसेल.

आता तो भाग, ज्यावर गोड बोलून चालणार नाही.

छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात म्हटलं आहे की ज्यांचं आचरण चांगलं ते ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य अशा चांगल्या योनीत जातात, आणि ज्यांचं वाईट ते कुत्र्याच्या, डुकराच्या किंवा चांडालाच्या योनीत. माणसाच्या एका जातीला कुत्र्या-डुकराच्या ओळीत बसवलेलं हे वाक्य आहे. त्याचे लाक्षणिक अर्थ काढणारे पुष्कळ आहेत. मला ती धडपड पटत नाही. वाक्य जे म्हणतं ते म्हणतं, आणि शेकडो वर्षं लोकांनी ते तसंच घेतलं. गीतेतलं "गुणकर्मविभागशः", म्हणजे गुण आणि कर्म यांवरून केलेली विभागणी, पुढे करून, चातुर्वर्ण्य जन्मावर नव्हतंच असं सांगणाऱ्यांनाही मला एवढंच म्हणायचं आहे की पाणवठ्यावर कोणी कोणाचे गुण विचारत नव्हतं.

हा निकाल ज्यांच्यावर लादला गेला त्यांच्या घरात त्याचं काय झालं, हे चोखोबांच्या कुटुंबात दिसतं. चोखोबांचा जन्म आपल्या बुलढाण्यातल्या मेहुणा राजाचा मानला जातो. त्यांच्या नावावरच्या एका अभंगात ते म्हणतात की पूर्वी आपण निळाचा अवतार होतो, कृष्णाची निंदा घडली म्हणून महाराचा जन्म मिळाला, हा विटाळ आपलं पूर्वीचं फळ आहे. इतका थोर भक्त, इतकी निर्मळ वाणी, आणि आपल्यावरच्या अन्यायाचं कारण त्यानं स्वतःच्याच पदरात घेतलं. मंगळवेढ्याला कुसाचं काम करताना भिंत कोसळून १३३८ मध्ये ते गेले, असं परंपरा सांगते. त्यांचा मुलगा कर्ममेळा मात्र वेगळ्या सुरात बोलतो. तो थेट देवाला विचारतो: "आमुची केली हीन याती। तुज का न कळे श्रीपती॥ जन्म गेला उष्टे खाता। लाज न ये तुमचे चित्ता॥" बाप म्हणतो, माझं फळ. मुलगा म्हणतो, तुला लाज वाटत नाही? एकाच घरात, एका पिढीच्या अंतरानं हिशेबाची वही फिरवलेली आहे. ज्यानं जन्म दिला त्यानं जाब द्यावा, अशी मागणी आहे. नाव कर्ममेळा असलेल्या या माणसानं कर्माच्या नावाखालचा निकाल फेटाळला, आणि वारकरी परंपरेनं त्याचे अभंग जपून ठेवले. या दुसऱ्या गोष्टीचं मला फार मोल वाटतं.

बाबासाहेबांनी हाच जाब देवाकडून समाजाकडे आणि राज्याकडे वळवला. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि धम्मावरच्या ग्रंथात त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्तावर नेमकं बोट ठेवलं: गरीब आणि दीनदुबळे यांच्या स्थितीच्या जबाबदारीतून राज्याला किंवा समाजाला सुटका मिळवून देणं, याखेरीज या सिद्धान्ताचा दुसरा हेतू संभवत नाही. हा युक्तिवाद मी अनेक वेळा उलटून पाहिला आहे. याला हिंदू बाजूनं दिलेलं एकही उत्तर मला पुरेसं वाटलेलं नाही, आणि आता मी उत्तर शोधतही नाही. माझ्या मते तो युक्तिवाद बरोबर आहे. लक्षात घ्यावं की बाबासाहेबांनी कर्म हा विचारच टाकून दिला नाही. माणसांच्या चांगल्या-वाईट कृतींवर जगाची नैतिक घडी टिकते, या अर्थी त्यांनी तो ठेवला. त्यांनी नाकारलं ते मागच्या जन्माचं बिल या जन्मीच्या माणसाच्या हातात देणं.

याला घेतला जाणारा एक आक्षेप असा, की फळाची भीती काढून घेतली तर माणूस सरळ का वागेल? मी फळ काढून घेत नाहीच. संचित म्हणजे साठलेलं कर्म, प्रारब्ध म्हणजे त्यातलं या जन्मी भोगायला आलेलं, क्रियमाण म्हणजे आत्ता आपण करतो ते, हे तीन भाग कोणत्याही प्रवचनात सांगितले जातात. त्यांतलं आपल्या हातातलं एकच, क्रियमाण. जो जन्मांतर मानतो त्याच्या पद्धतीनंच विचार करू. समजा, त्या लेकराचा आजार खरोखरच त्याचं प्रारब्ध आहे. तरी त्याच्यासमोर उभं राहून मी काय करते, हे माझं क्रियमाण आहे, आणि त्याचा हिशेब माझ्या नावावर लिहिला जातो. त्याच्या प्रारब्धाकडे बोट दाखवून मी माझ्या क्रियमाणातून सुटत नाही. उलट त्या क्षणी बोट दाखवणं हेच माझं कर्म ठरतं. आणि स्वतःच्या पोराला ताप आल्यावर "भोग आहेत, भोगू दे" म्हणत घरी बसलेला एकही प्रवचनकार मी पाहिलेला नाही. प्रत्येक जण धंतोलीतल्या डॉक्टरकडे धावतो, आणि धावावंच. एवढी साधी गोष्ट आपल्या पोराला लागू असेल तर दुसऱ्याच्या पोराला का नाही?

दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो. कोणी म्हणतं, दुःखात बुडालेल्या माणसाला या विचारानं आधार मिळतो, तो कशाला हिरावून घ्यायचा? अनुशासनपर्वाच्या अगदी आरंभी गौतमी नावाच्या म्हातारीची कथा आहे. तिचा मुलगा साप चावून मेला. अर्जुनक नावाचा पारधी तो साप बांधून आणतो आणि विचारतो, याला कसा मारू? गौतमी म्हणते, सोडून दे, याला मारून माझं लेकरू परत येणार नाही. पारधी हट्टाला पेटतो. साप म्हणतो, मला मृत्यूनं पाठवलं. मृत्यू येऊन म्हणतो, मला काळानं. काळ येऊन म्हणतो, आम्ही कोणीच नाही, त्याच्या कर्मानं तो गेला. आणि शेवटी गौतमी स्वतः म्हणते की माझंही तसंच कर्म असेल ज्यामुळे माझं मूल गेलं, सोड त्याला. कर्माचा आधार घेणारी ती आई आहे, आणि तो घेऊन ती एका जिवाला सोडवते. कोणाला बांधत नाही. तिच्याकडून हा आधार कोण काढून घेईल? मी नाही. पण तिनं साप सोडायचा निर्णय कथेच्या सुरुवातीलाच घेतला होता, काळाचं भाषण होण्याच्या कितीतरी आधी. काळ बोलला नसता तरी तिनं सोडलंच असतं. आणि जिचं मूल गेलं आहे तिच्याआधी हे वाक्य शेजारणीनं उच्चारलं असतं, तर त्या कथेचं काय झालं असतं, याचा विचार करून पाहावा.

कापसाच्या पट्ट्यात ज्या बायकांचे नवरे कर्जापायी गेले, त्यांना हा विचार रोज करावा लागतो. त्यांच्यातल्या कित्येकींना तेराव्याच्या आधीच "पांढऱ्या पायाची" हा शब्द ऐकावा लागला. बोंडअळी, विम्याची न आलेली रक्कम, सावकाराचा तगादा, खरेदी केंद्रावरची रांग, सगळी कारणं बाजूला राहिली आणि कारण तिच्या पायांत सापडलं.

म्हणून माझी मागणी दोघांकडे आहे. पहिली व्यासपीठावरून बोलणाऱ्यांकडे. नागपुरात वर्षभर सप्ताह, कीर्तनं, प्रवचनं होतात, हजारो माणसं मनापासून ऐकतात. त्यांनी जिवंत माणसांच्या आजाराचं, अपंगत्वाचं, जातीचं, वैधव्याचं कारण म्हणून पूर्वजन्म सांगणं बंद करावं. छांदोग्यातल्या त्या वाक्याशी आपण सहमत नाही, असं एकदा तरी मोठ्यानं सांगावं. ऐकणाऱ्यांत ज्यांच्याबद्दल ते वाक्य होतं त्यांचे नातू-पणतूही असू शकतात.

दुसरी मागणी समाजासमाजांच्या वधूवर मेळाव्यांकडे. तिथल्या फॉर्मवर गोत्र, रास, नक्षत्र, नाडी, मंगळ यांचे रकाने असतात. एकनाडीचं लग्न टाळतात ते होणाऱ्या मुलांच्या काळजीपोटीच. ती काळजी खरी असेल तर मेळाव्याच्या मंडपातच सिकलसेल तपासणीचं टेबल लावावं. मुलींसोबत मुलांचंही रक्त घ्यावं, आणि अहवाल परिचय पुस्तिकेत न छापता बंद पाकिटात ज्याचा त्याच्या हातात द्यावा. शेजारी समुपदेशक बसलेला असावा, जो दोन वाहकांना २५ टक्के म्हणजे काय ते शांतपणे समजावून सांगेल, गरोदरपणात कोणत्या तपासण्या करता येतात ते सांगेल, आणि पुढचा निर्णय त्यांच्यावर सोडेल.